उष्ट्याचा पगार

वऱ्हाडात वाढणाऱ्याला फार मान आहे. पंगत बसली की घरचा कर्ता माणूस बाह्या सारून वांग्याच्या भाजीची बादली स्वतः उचलतो, जावयाच्या हातात वरण येतं, आणि ज्याच्या आग्रहापुढं कुणाचं काही चालत नाही असा गावातला एखादा गडी तुपाचं भांडं घेऊन रोडग्यांवर धार धरत जातो. "घ्या ना बाप्पा, एवढ्यानं काय होते!" वाढायला मिळावं म्हणून माणसं एकमेकांच्या हातातल्या बादल्या ओढतात. पंगत उठल्यावर पत्रावळी उचलायला मात्र अशी ओढाओढ झालेली मी कधी पाहिली नाही. ते काम कोणाचं हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. पूर्वी ते जातीवरून ठरायचं. आता केटरिंगवाल्यानं आणलेल्या पोट्ट्यांच्या टी-शर्टवरून कळतं.

आमच्या घरी पंगत नसली तरी रीत हीच होती. दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात आमचं गाव. विहिरीचं पाणी खारं, शेती वरच्या पाण्याची. बाबा जेवले की ताटातच हात धुऊन उठायचे, त्यांच्या मागोमाग आम्ही भाऊ उठायचो आणि ताटं आई उचलायची. ताटं उचलणं हे काम आहे असंच मुळात घरात कुणाला वाटत नव्हतं. दुसऱ्याचं उष्टं मी पहिल्यांदा उचललं ते अमरावतीत, एका परमिट रूममध्ये, महिन्याच्या पगारावर.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. कॉलेज सकाळचं, खोली तिघांत मिळून, आणि घरून येणारे पैसे कापसाच्या चुकाऱ्यावर अवलंबून. एकाधिकार खरेदीत कापूस घातला तरी पैसा एकदम हातात पडत नसे, हप्त्याहप्त्यानं यायचा. तो कधी येईल हे बाबांनाच ठाऊक नसायचं, तर मेसवाल्या काकूंना मी काय सांगणार? गावातल्या एकाच्या ओळखीनं बारमध्ये हेल्पर म्हणून लागलो. घरी सांगताना 'हॉटेलात हिशेबाचं काम' एवढंच सांगितलं होतं.

परमिट रूम हा प्रकारच मोठा गमतीचा. आपल्या राज्यातला मूळ कायदा १९४९ चा, आणि तो दारूबंदीचा. म्हणजे कायद्याच्या नजरेत दारू बंदच आहे. ज्याच्याजवळ परवाना, त्याला तेवढी सूट. या हिशेबानं महाराष्ट्रातला प्रत्येक पिणारा हा एक अपवाद आहे, आणि शनिवारी रात्री आमच्याकडे असे सत्तर-ऐंशी अपवाद एकाच वेळी बसलेले असत. पंचविशीच्या आतल्या माणसाला कडक दारू पिण्याचा परवाना नाही. मी विशीही गाठली नव्हती. तेव्हा ती उचलायला, ओतायला आणि पुसायला मला कुणाची हरकत नव्हती, फक्त प्यायला होती.

उतरंड साधी होती. गल्ल्यावर मॅनेजर, बाटल्यांमागे बारवाला, टेबलांवर वेटर, आणि या सगळ्यांच्या हाताखाली हेल्पर. बारवाल्याला बर्फ हवा, हेल्पर. वेटरला सोडा हवा, हेल्पर. गिऱ्हाईक ओकलं, हेल्पर. आमच्याही खाली एक भांडेवाली बाई होती, पण ती मागच्या दारानं यायची नि मागच्याच दारानं जायची, तिला उतरंडीत कुणी धरत नसे. दुपारी बर्फाची लादी बारदानात गुंडाळून यायची, ती टोच्यानं फोडून डब्यात भरायची. बिअरच्या थंड बाटल्या पुढं ओढून गरम मागं लावायच्या. लिंबं चिरायची, फुटाणे आणि खारे दाणे वाट्यांत काढायचे, रिकाम्या बाटल्या मोजून भंगारवाल्यासाठी पोत्यात भरायच्या. पण ही सगळी तयारी. खरं काम टेबल मारण्याचं.

टेबल मारणं मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने वेटर. मूर्तिजापूरकडचे. मालकापासून भांडेवालीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. त्यांचा पहिला धडा ग्लासाचा होता. चार ग्लासांत चार बोटं घालून एका मुठीत उचलायचे नाहीत. जिथं ओठ लागतात तिथं बोट लागता कामा नये, ग्लास रिकामा असला तरी. बुडाशी धरायचा. उरलंसुरलं सगळं एका ग्लासात ओतायचं. सोडा, वितळलेला बर्फ, बुडाचा घोट. प्लेटा रचताना चमचे खालच्या प्लेटीत आणि हाडं सगळ्यात वर, म्हणजे रचलेलं डगमगत नाही. राखदाणीवर प्लेट पालथी घालून न्यायची, नाहीतर पंख्यानं राख उडून शेजारच्या टेबलावरच्या शर्टावर. मग फडकं. ओलं फडकं गिऱ्हाइकाच्या दिशेनं ढकलत न्यायचं नाही, आपल्याकडे ओढत आणायचं, टेबलाच्या काठाशी डाव्या हातात प्लेट धरायची आणि सांडलेलं सगळं तिच्यात पाडायचं. फडकी दोन असायची. खांद्यावरचं कोरडं, ते ग्लासांचं. कमरेचं ओलं, ते टेबलाचं. त्यांची अदलाबदल झाली तर ग्लासाला कांद्याचा वास येतो, आणि पिणारा बाकी सगळं विसरेल पण तो वास विसरणार नाही, असं मामांचं म्हणणं.

हे सगळं चाललेलं असताना टेबलावरच्या माणसांचं बोलणं तुटता कामा नये. त्यांनी तुमच्याकडे बघितलं तर काम बिघडलं. कोण कुणाच्या शेताचा बांध कोरतो, कुणाच्या पोरीचं कुठं जमत नाही, कोणता अभियंता किती टक्के घेतो, असलं सगळं माझ्या कानांच्या वीतभर अंतरावर बोललं जायचं, कारण तिथं कान आहेत हे कुणाच्या गावीच नसायचं. अपमान म्हणावा तर तोही नव्हता. अपमान करायला समोर माणूस लागतो.

सकाळची सुरुवात मात्र भक्तीनं व्हायची. गल्ल्याच्या वर गजानन महाराजांची तसबीर होती. अमरावती-अकोल्यात ही तसबीर नसलेलं दुकान शोधावं लागेल, मग ते दारूचं का असेना. फरशी पुसून झाली की महाराजांपुढं उदबत्ती लावायची, तिसऱ्या पावलावर बिअरचा फ्रीज. सुट्टीच्या दिवशी ते काम माझ्याकडे असे. एकदा उदबत्ती फिरवताना सहज मनात आलं, की या महाराजांची आणि वऱ्हाडाची पहिली भेट झाली तरी कशी? शेगावात, २३ फेब्रुवारी १८७८ ला. देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ उठली होती, उष्ट्या पत्रावळी वडाखाली टाकल्या होत्या, आणि महाराज त्यांतली शितं वेचून खात बसले होते. बंकटलाल अगरवालांना ते दिसले. साऱ्या वऱ्हाडाची श्रद्धा त्या एका उकिरड्यापासून सुरू होते. पोथीत ते लाखो लोक वाचतात, हात जोडतात. त्या पत्रावळी नंतर कुणी भरून नेल्या, असा प्रश्न मी कुणाला पडलेला पाहिला नाही. मलाही तो पडला नसता, त्या दिवशी फडकं खांद्यावर नसतं तर.

आणि आमचे दुसरे बाबा तर हातात झाडू घेऊनच उभे. गाडगेबाबाही २३ फेब्रुवारीचेच, १८७६ सालचे, आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. परटाच्या घरचे डेबूजी. बाप झिंगराजी दारूपायी लहानपणीच गेला, आई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली. पुढं आपल्या लेकीच्या बारशाला डेबूजींनी दारू-मटणाची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं, आणि भाऊबंदांचा राग ओढवून घेतला. मग घर सोडलं ते झाडू घेऊन. गावात शिरले की आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तनात लोकांची डोकी. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी ज्या भागात आहे त्या गाडगेनगरातून मी रोज रात्री बारनंतर सायकलनं खोलीवर जायचो. अंगाला दारूचा वास, कपड्यांना सिगारेटीचा. दारूविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या माणसाच्या दारावरून तसं जाताना संकोच व्हायचा खरा. पण एक वाटायचं, की सांडलेलं पुसणाऱ्याशी ते बोलले असते. पिणाऱ्यांना फैलावर घेतलं असतं, नि मला विचारलं असतं, कोपरे पुसतोस का रे?

ज्या दोघांचे फोटो आपण घरोघर लावले, त्यांतले एक उष्ट्यात सापडले आणि दुसरे केरात राहिले. त्या मानानं उष्टं आणि केर उचलणाऱ्याला वऱ्हाडात थोडी बरी वागणूक असायला हवी होती. शेगावच्या संस्थानात ती आहेही, पण ती सेवेकऱ्याला. तिथं डॉक्टर, मास्तर, बागायतदार पांढऱ्या कपड्यांत येऊन झाडतात, ताटं उचलतात, आणि त्यासाठी आपली पाळी येण्याची वाट बघतात. आमच्या बारचं एक नेहमीचं गिऱ्हाईक अशी सेवा करून आलं होतं. कापसाच्या धंद्यातला माणूस. दोन पेगांनंतर तो डोळ्यांत पाणी आणून सांगायचा, की ताटं उचलताना जो आनंद मिळतो तो कशातच नाही. आणि ते सांगता सांगताच टेबलावर बोटं वाजवायचा, "ए पोट्ट्या, मार ना बे टेबल, काऊन उभा हायेस?" तो ढोंगी होता असं मला वाटत नाही. सेवा ही त्याच्या लेखी वर्षातून काही दिवस खाली वाकण्याची सोय होती. जो बाराही महिने वाकलेला असतो त्याची सेवा कशी होणार? त्याचं ते कामच.

मामांशी याबद्दल बोललो होतो. रात्री शटर अर्धं ओढल्यावर आम्ही मागच्या बाजूला खोक्यांवर बसून जेवायचो. मामा बौद्ध. त्यांच्या आज्याच्या काळापर्यंत महारवाड्यातून गावात तुकडा मागायला जावं लागायचं. गावकीची कामं करायची आणि बदल्यात घरोघरचं शिळंउष्टं टोपल्यात घ्यायचं. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी महाडला सांगितलं, की मेलेल्या जनावराचं मांस आणि दुसऱ्याचं उष्टं खाणं सोडा. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते अमरावतीला आले, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला होता, त्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. पंजाबराव देशमुख त्या लढ्यात पुढं होते. ती हवा खेड्यापाड्यांत पोचली आणि मामांच्या आज्यानं टोपलं ठेवून दिलं. गावानं त्याचा राग काढला, तो वेगळा.

"मंग मामा, तुमी हे उष्टं काऊन उचलता?" मी विचारलं होतं. मी तेव्हा पुस्तकं वाचणारा पोरगा, मला वाटलं मोठा पेच टाकला.

मामांनी भाकरीचा घास तोंडात टाकला. "आज्यानं खाणं सोडलं. मी खात नाही, उचलतो. अन् पगारानं उचलतो. महिना झाला का मोजून घेतो. आज्याले कोणी मोजून देल्लं नाही कधी."

त्यानंतर सेवेच्या आनंदाची भाषा मला कधी पटली नाही. कुणी काही म्हणो, उष्ट्याला पगार लागणं ही या मुलखातली फार मोठी गोष्ट आहे. जे काम पुण्य म्हणून करायला लावलं गेलं, जात म्हणून लादलं गेलं, नाहीतर बाईमाणूस म्हणून गळ्यात मारलं गेलं, त्याला आकडा लागला. तो आकडा किरकोळ होता, त्यातून खाडे कापले जायचे, फुटलेल्या ग्लासाचे पैसे कापले जायचे. पण आकडा होता, आणि त्यावर भांडता येत होतं. पुण्यावर कसं भांडणार?

ग्लासाचंही असंच. मामांच्या लहानपणी गावच्या चहाच्या टपरीवर त्यांची कपबशी वेगळी, बाहेर खोचलेली असायची. बारमध्ये पाटील, तेली, माळी, बौद्ध, मुसलमान सगळे एकाच टबात विसळलेल्या ग्लासातून पीत. गावात जे बंधुभाव शिकवून झाले नाही ते काउंटरनं नफ्यासाठी केलं. तरी माझ्यासारख्या नव्या पोऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारायचंच, "कोण्या गावचा बे? आडनाव काय?" गावाचं नाव सांगितलं की ते पुरायचं नाही, आडनाव कळलं की चेहरा सैल व्हायचा. "अरे, तू तर आपलाच!" मग आपल्याच माणसाला ते जरा अदबीनं टेबल मारायला सांगत. मामांना कुणी आडनाव विचारत नसे. ते ठाऊक होतं.

उष्ट्यावरून मी अमरावती जिल्हा वाचायला शिकलो, हे मात्र कॉलेजात शिकलेल्या अर्थशास्त्रापेक्षा जास्त कामी आलं. ठेकेदार साहेब लोकांना घेऊन आला की आख्खी तंदुरी कोंबडी एक-एक घास तोडून परत यायची. ती खाण्यासाठी मागवलेलीच नसायची. व्यापाऱ्याच्या टेबलावर सगळं अर्धं. कॉलेजची पोरं लिंबाची सालंसुद्धा चोखून ठेवत. ज्याच्या कापसाचा चुकारा नुकताच झाला तो शेतकरी खंबा मागवायचा, ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसांना खुर्च्या ओढून बसवायचा आणि बिलाकडे न बघता पैसे ठेवायचा. ज्याचा चुकारा अडला तो एका पव्व्यावर नि फुकटच्या फुटाण्यांवर तीन तास काढायचा, आणि त्याचं टेबल मारायला काहीच नसायचं. वाटीत फुटाण्याचं टरफलही नाही. शेवटच्या वर्षी अशी कोरडी टेबलं वाढत गेली. पुढं २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, आमचे पाचही वऱ्हाडी जिल्हे आणि वर्धा मिळून सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज मिळालं, आत्महत्यांवर अहवाल निघाले. ते वाचताना मला त्या चाटूनपुसून ठेवलेल्या वाट्या आठवायच्या.

पंचांगही टेबलावर दिसायचं. मुंबई-पुण्याकडे जिला गटारी म्हणतात ती आमच्याकडे जिवतीची अमावस. घरी बाया लेकरांसाठी जिवतीची पूजा करतात, त्याच दिवशी बाप लोक श्रावणाआधीचं उरकून घ्यायला आमच्याकडे. मग महिनाभर थोडी उसंत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, उभं राहायला जागा नसे. वर्षभर बैलांसोबत राबलेली माणसं त्या दिवशी स्वतःचा पोळा करून घेत. निवडणुकीत टेबलाचं बिल कुणाच्या तरी खात्यावर असायचं, त्यामुळं त्या टेबलांवर टाकून दिलेलं अन्न सगळ्यात जास्त. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून नदीपलीकडचे पाहुणे बाराही महिने. त्यांची ओळख सोपी. ते घाईनं पीत आणि परतीच्या गाडीची वेळ विचारत.

हे काम करून मोठी झालेली माणसं असतात, आणि त्यांच्या गोष्टी सांगायला सगळ्यांना आवडतात. अमेरिकेत लँग्स्टन ह्यूज नावाचा काळा कवी १९२५ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉर्डमन पार्क हॉटेलात उष्ट्या प्लेटा उचलायचा. तिथं व्हेचल लिंडसे हे नामवंत कवी जेवायला आले. ह्यूजनं आपल्या तीन कविता त्यांच्या ताटाशेजारी ठेवल्या आणि न बोलता निघून गेला. लिंडसेंनी त्या रात्री त्या जाहीरपणे वाचून दाखवल्या, सकाळी वार्ताहर हॉटेलात हजर. आपल्याकडे नारायण सुर्वे. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणी कामगार, शाळेतला शिपाई आणि मग मराठीतले मोठे कवी. या गोष्टी खऱ्या आहेत आणि मलाही आवडतात. तरी त्यांत एक चलाखी आहे. त्या ऐकताना आपण त्या पोऱ्याकडे नीट बघतो, कारण तो पुढं कवी होणार हे आपल्याला माहीत असतं. मामा काही होणार नव्हते. ते तीस वर्षं उत्तम टेबल मारत राहिले, त्यात त्यांच्याइतका हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, आणि कामावरून निवृत्त झाले ते पाय सुजल्यामुळं.

पाय. या धंद्याबद्दल बाहेरच्यांना दारू, दंगा, शिव्या एवढंच दिसतं. आतल्याला विचारलं तर तो आधी पाय सांगेल. दहा-दहा तास उभं राहायचं, आणि गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, कारण हेल्पर बसलेला दिसला की मालकाला त्याचा पगार दिसतो. केरळनं २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दुकानांतल्या कामगारांना कामाच्या वेळेत बसायचा हक्क दिला, तमिळनाडूनं २०२१ मध्ये. तिथल्या साड्यांच्या दुकानांतल्या बायांनी त्यासाठी आवाज उठवला होता. बसायलाही कायदा लागतो हे वाचून हसणारे माझे मित्र आहेत. ते सगळे खुर्चीत बसून काम करतात.

कायदे झाले नाहीत असं नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, हॉटेलं, चहाच्या टपऱ्या इथं चौदा वर्षांखालची मुलं ठेवायला बंदी आली. परिणाम दिसला. समोरचे छोटू गेले. काही शाळेत गेले असतील, काही मागच्या बाजूला सिंकपाशी सरकले. मग सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम आला आणि १ एप्रिल २०१७ पासून राज्य नि राष्ट्रीय महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत दारूविक्री बंद झाली. अमरावती-अकोल्याच्या अंगावरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. रस्त्याकाठच्या बारांना कुलपं लागली. मालकांनी अंतरं मोजून घेतली, दारं फिरवली, पुढं पालिका हद्दीपुरती सवलत झाल्यावर पाट्या पुन्हा उजळल्या. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांपायी तो निर्णय गरजेचाच होता, असं माझं मत आहे. मधल्या महिन्यांत हेल्पर लोकांनी काय केलं हे बातम्यांत नव्हतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत अमरावतीत टाळेबंदी लागली, तेव्हाही नव्हतं.

मी नोकरीनिमित्त अकोल्याला येऊन आता बरीच वर्षं झाली. इथला उन्हाळा अमरावतीला लाजवेल असा. मे महिन्यात संध्याकाळी सातला सुद्धा खुर्च्या तापलेल्या असतात, नि बिअर बारमधला बर्फ डब्यात टिकत नाही. मी पीत नाही, पण जेवायला जातो, आणि सवय अशी की ताटापेक्षा टेबल मारणाऱ्या हातांकडे लक्ष असतं. आता पोरं बरीचशी धारणीकडची, पलीकडच्या बैतूलकडची. कोरकू घरांतली. मेळघाटातून पूर्वी कापूस वेचायला खाली उतरायचे, आता हॉटेलांत उतरतात. अंगात एकसारखे टी-शर्ट, पाठीवर हॉटेलचं नाव, हातात फडक्याऐवजी फवारणीची बाटली आणि निळं कापड. बहुतेकजण ग्लासांत बोटं घालूनच उचलतात. माझी बायको म्हणते, तू जेवायला येतोस की परीक्षा घ्यायला?

परवा गोरक्षण रोडच्या बाजूला जेवत होतो. टेबल मारणारा पोरगा एकोणीस-वीसचा. फडकं आपल्याकडे ओढत होता, काठाला प्लेट धरून. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, इथलाच एक जुना वेटर होता. बिल मोबाईलवरून दिलं. पूर्वी बडीशेपच्या ताटलीत सुटे पैसे राहायचे, आता सुटे पैसे परत येतच नाहीत, तर राहणार काय? म्हणून पन्नासची नोट काढून त्याच्यापुढं धरली. त्यानं हात मागं घेतले.

"मले नका देऊ भाऊ. काउंटरवर डबा हाय, त्याच्यात टाका. कॅमेऱ्यात दिसते."

डब्याची वाटणी कशी होते, मी विचारलं.

"वेटरले एक वाटा. आमाले अर्धा."

"आमच्या वेळीही अर्धाच होता," मी म्हणालो. त्याला त्याचं काही वाटलं नाही. "आणि भांडेवाल्या बाईला?"

"तिले नाही."

"का बरं?"

"ती समोर येत नाही ना," तो म्हणाला, आणि सात नंबरची पार्टी उठली होती तिकडे गेला.